डॅफोडिल्सच्या वरच्या अंगाला

१५ एप्रिल १८०२ या दिवशी विल्यम वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी ही दोघे उल्सवॉटर सरोवराच्या उत्तर टोकाजवळ राहणाऱ्या क्लार्कसन कुटुंबाचा निरोप घेऊन ग्रासमिअरच्या वाटेला लागली. वारा अंगावर येत होता. ग्लेनकॉइन नावाच्या वळणाशी, पाण्याच्या कडेने दूरवर पसरलेली डॅफोडिल्सची फुले त्यांना दिसली. डोरोथीने ती आपल्या रोजनिशीत टिपली. दोन वर्षांनी भावाने त्या फुलांवर कविता लिहिली आणि १८०७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पुढे इंग्रजी कवितेशी भारतीय विद्यार्थ्याची पहिली भेट पिढ्यान्‌पिढ्या याच काठावर होत आली. डॅफोडिलचे फूल उभ्या जन्मात न पाहिलेल्या मुलांनी ते पाठ केले, त्याचे रसग्रहण लिहिले, आणि 'निसर्गकवी' ही उपाधी वर्डस्वर्थच्या नावामागे कायमची लावून टाकली.

त्या काठामागचा डोंगर ओलांडला की पलीकडच्या कुशीत शिशाची एक खाण लागते. तिचे नाव ग्रीनसाइड. अठराव्या शतकात तिथे खणकाम झालेले होते. १८२०च्या दशकात कंपनी स्थापन होऊन ते मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आणि १९६२ पर्यंत चालले. फुलांपासून खाणीपर्यंतचे अंतर दोन-तीन मैलांहून अधिक नाही. तरीही कवितेच्या अभ्यासकाला या खाणीची दखल घ्यावीशी सहसा वाटत नाही, आणि खाणींचा इतिहास लिहिणाऱ्याचे कवितेवाचून काही अडत नाही. इंग्लंडच्या वायव्येकडील सरोवर-प्रदेशाच्या, म्हणजे 'लेक डिस्ट्रिक्ट'च्या, दोन कथा अशा एकाच डोंगराच्या दोन उतारांवर राहिल्या आहेत. एक कथा जगाने वाचली. दुसरी ज्यांच्या हातून घडली त्यांना लिहिण्याची सवड नव्हती.

या दुसऱ्या कथेचा एक धागा मराठी भाषेतही येऊन पोहोचला आहे, हे थोडे आश्चर्याचे वाटेल. 'शिसपेन्सिल' हा शब्द मराठीत चांगला रुळलेला आहे. त्या पेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट असते. ही चूक मराठीने केलेली नाही. सोळाव्या शतकात या प्रदेशातील बॉरोडेलच्या दरीत, सीथवेट येथे, बोटांना लागणारा एक मऊ काळा पदार्थ सापडला. वादळात एक झाड उन्मळून पडले आणि मुळांखाली तो दिसला, अशी आख्यायिका आहे. तेथील मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करीत. पाहणाऱ्यांनी त्याला एक प्रकारचे काळे शिसेच मानले. 'ग्रॅफाइट' हे नाव १७८९ मध्ये आले, तोवर जुने नाव जनमानसात पक्के झालेले होते. ते इंग्रजीतून शाळेच्या दप्तरात आणि दप्तरातून मराठीत उतरले. अखंड तुकड्यांत कापून काढता येईल इतके शुद्ध ग्रॅफाइट बॉरोडेलसारखे अन्यत्र मिळत नव्हते. तोफेचे गोळे ओतण्याच्या साच्यांना आतून ते लावीत, त्यामुळे त्याला लष्करी मोल आले. चोरी इतकी वाढली की १७५२ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून ती गंभीर गुन्हा ठरविली. खाणीतून बाहेर पडणाऱ्या मजुराची झडती घेतली जाई. पुढे इंग्लंड-फ्रान्स युद्धात फ्रान्सला हा पुरवठा तुटला, तेव्हा १७९५ मध्ये काँते या फ्रेंच संशोधकाने ग्रॅफाइटची भुकटी मातीत कालवून ती भाजण्याची युक्ती काढली, आणि बॉरोडेलच्या मक्तेदारीचा पाया खचू लागला. शेजारच्या केझिक गावात १८३२ पासून पेन्सिलींचा कारखाना होता. खाण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली; कारखाना मात्र चालत राहिला आणि २००७ मध्ये किनाऱ्याकडील वर्किंग्टनला हलविण्यात आला. केझिकमध्ये आज पेन्सिलींचे संग्रहालय आहे. पेन्सिली गावाबाहेर गेल्या, त्यांचा इतिहास तिकीट लावून गावात राहिला. एकंदर प्रदेशाचीच ही रीत आहे.

सरोवर-प्रदेशात कवी आले त्याआधी सव्वादोनशे वर्षे परदेशी खाणकामगार आले होते. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, १५६४ नंतर, ऑग्सबर्गच्या सावकारांच्या भांडवलावर आणि डॅनियल हेखस्टेटर याच्या देखरेखीखाली जर्मन खाणकामगार केझिकच्या परिसरात उतरले. न्यूलँड्सच्या दरीत त्यांनी तांबे काढले, केझिकजवळ ते वितळविले. स्थानिकांशी त्यांचे खटके उडाले, त्यांच्यातील एकाचा खूनही झाला. नंतर त्यांनी तेथीलच मुलींशी लग्ने केली आणि त्यांची आडनावे चर्चच्या नोंदवह्यांत मिसळून गेली. तांब्याच्या खाणींवर हक्क कोणाचा, जमीनमालक अर्लचा की राणीचा, यावरून १५६८ मध्ये मोठा खटला झाला आणि निकाल राणीच्या बाजूने लागला. या जर्मनांनी ग्रासमिअरमध्येही एक खाण खणून पाहिली. ती फार काळ चालली नाही. तिचे अवशेष गावालगतच्या ग्रीनहेड घिल या ओढ्याच्या काठी आजही आहेत.

ग्रीनहेड घिल हे नाव इंग्रजी कवितेच्या वाचकाला ओळखीचे वाटेल. वर्डस्वर्थच्या 'मायकेल' (१८००) या दीर्घकवितेची सुरुवात याच ओढ्याच्या काठाने वर चढत होते. वृद्ध मेंढपाळ मायकेल आपल्या पुतण्याला जामीन राहिलेला आहे. तो व्यवहार अंगाशी येतो, आणि वाडवडिलांची जमीन वाचविण्यासाठी तो एकुलत्या एका मुलाला, ल्यूकला, पैसे मिळवायला शहरात पाठवितो. निघण्यापूर्वी मुलाच्या हातून मेंढवाड्याचा पहिला दगड बसवून घेतो. मुलगा शहरात बिघडतो, परागंदा होतो. म्हातारा पुढे कित्येक वर्षे त्या अपुऱ्या मेंढवाड्याकडे जात राहतो. अखेरीस जमीन परक्यांच्या हाती जाते आणि उरतात ते ओढ्याकाठचे विखुरलेले दगड. ही कविता नुसत्या निसर्गप्रेमाची नाही. तिच्यात कर्ज आहे, जामीनकी आहे, शहराची ओढ आहे, मोडत चाललेली लहान शेतकऱ्याची मालकी आहे. १८०१ मध्ये वर्डस्वर्थने हा संग्रह चार्ल्स जेम्स फॉक्स या राजकारण्याला पाठविला, तेव्हा सोबतच्या पत्रात त्याने याच कवितेकडे लक्ष वेधले होते. कारखानदारी पसरत असताना स्वतःच्या तुकड्यावर जगणाऱ्या माणसांचे कौटुंबिक जिव्हाळे कसे नष्ट होत आहेत, हे त्याला त्या पुढाऱ्याच्या निदर्शनास आणावयाचे होते.

ज्या ओढ्याकाठी मायकेलचे दगड कल्पिले आहेत, त्याच ओढ्याकाठी प्रत्यक्षात सोळाव्या शतकातील एका फसलेल्या उद्योगाचे दगड पडलेले आहेत. आपण ज्याला आदिम, अस्पर्श एकांत समजतो तो या ठिकाणी मुळातच दुसऱ्यांदा आलेला एकांत आहे. खाणकाम येऊन गेले, मग ओढ्यावर शांतता परतली, आणि कवीने तिच्यातून मेंढपाळाची कथा उभी केली. कवितेचे मोल याने कमी होत नाही. ती वाचण्याची रीत मात्र बदलावी लागते.

पण 'मायकेल' वाचली कोणी? १८६१ मध्ये पॅलग्रेव्हचा 'गोल्डन ट्रेझरी' हा काव्यसंग्रह निघाला आणि भारतातील महाविद्यालयांत त्याला दीर्घकाळ प्रतिष्ठा लाभली. त्यात वर्डस्वर्थला भरपूर जागा होती, पण संग्रहाचे धोरणच भावकवितेपुरते होते. डॅफोडिल्स आत आली, मायकेल बाहेर राहिला. ज्या देशात जामीन राहून जमीन घालविलेली कुटुंबे गावोगाव होती, त्या देशातील विद्यार्थ्याला मायकेल परका वाटला नसता. त्याच्या हाती दिले गेले ते त्याने कधी न पाहिलेले फूल. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कवीचा सख्खा नातू होता. त्याचेही नाव विल्यम वर्डस्वर्थ, आणि भारतीयांच्या राजकीय आकांक्षांबद्दल सहानुभूती बाळगणारा इंग्रज म्हणून मुंबईत त्याचा लौकिक होता. आजोबांच्या कवितेतला शेतकरी मात्र मुंबईला फारसा पोहोचला नाही.

मुंबईला पोहोचली ती बॉबिन, किंवा निदान तिचा शब्द तरी. गिरणगावात 'बॉबिन' हा शब्द मराठीच होऊन गेला होता. विंडरमिअरच्या दक्षिणेकडील रानांत एकोणिसाव्या शतकात लाकडी बॉबिनांचे कारखाने ठिकठिकाणी उभे राहिले. पाऊस मुबलक, ओढे उताराचे, त्यामुळे पाणचक्क्या फुकटात फिरत. आणि लँकेशायरच्या सूतगिरण्या हाकेच्या अंतरावर. त्यांना बॉबिना लागत त्या अगणित. १८३५ मध्ये बांधलेला स्टॉट पार्क हा त्यांपैकी एक. अनाथालयांतून आणलेली मुले अशा कारखान्यांत राबत. लाकडाचा भुसा नाकातोंडात जाई, चरकावर बोटे जात. लाकूड येई ते आसपासच्या रानातून. झाड बुंध्याशी तोडायचे, त्याला नवे धुमारे फुटू द्यायचे आणि चौदा-पंधरा वर्षांनी ते पुन्हा तोडायचे, अशी ती पद्धत होती. याच रानांतून लोणारी कोळसा पाडला जाई आणि तो बॅकबॅरोच्या लोखंडाच्या भट्टीला पुरे. १७११ मध्ये पेटविलेली ती भट्टी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत लोणारी कोळशावरच चालली. आज पर्यटक ज्या गर्द राईत शिरून वनश्रीची वाखाणणी करतो, ती राई पिढ्यान्‌पिढ्या कारखान्यासाठी पिकविलेले शेत होती. आता ती तोडली जात नाही, म्हणून गर्द झाली आहे.

याच वर्डस्वर्थ-वर्षांत, म्हणजे १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरला अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, चात्या थांबल्या, आणि चात्या थांबल्या तशा विंडरमिअरकाठच्या चरकांचीही मागणी आटली. त्याच वर्षांत मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडले, शेअरबाजार फुगला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच फुटला. एका टोकाला उपासमार, दुसऱ्या टोकाला सट्टा, आणि मधल्या दोऱ्याचे एक वेटोळे त्या रम्य सरोवराकाठच्या लाकडी बॉबिनीवर. पुढे स्कँडिनेव्हियाचा स्वस्त माल आला, मग प्लास्टिक आले. स्टॉट पार्कने अवजारांचे दांडे वगैरे करून काही काळ तग धरला. १९७१ मध्ये तो बंद पडला. काही वर्षांतच तो संग्रहालय म्हणून पुन्हा उघडला, आणि आता पाहुण्यांसमोर एक-दोन बॉबिना कातून दाखविल्या जातात.

बंदुकीच्या दारूचे कारखाने हा या कथेतील सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग. केंडलच्या दक्षिणेस १७६४ मध्ये पहिला कारखाना निघाला. त्याच्या दारूतील काही लिव्हरपूलमार्गे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई, जिथे ती गुलामांच्या व्यापारात देवघेवीचा माल म्हणून चाले. ज्या क्लार्कसनांच्या घरून निघाल्यावर डॅफोडिल्स दिसली, त्यांतील थॉमस क्लार्कसन हा त्या व्यापाराविरुद्ध आयुष्य वेचलेला माणूस होता. ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद केला तो १८०७ मध्ये, कविता छापली गेली त्याच वर्षी. दारूसाठी कोळसा स्थानिक रानातला, गंधक परदेशी, आणि सोरा? ब्रिटनला लागणारा सोरा दीर्घकाळ प्रामुख्याने भारतातून, बिहारातून, जात असे. एल्टरवॉटर येथे १८२४ मध्ये आणखी एक कारखाना उभा राहिला. त्याच्या स्फोटांत वेळोवेळी माणसे मेली. तो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेरीस बंद झाला आणि त्या जागी आज सुट्टी घालविण्यासाठीची सुखसोयींनी युक्त निवासस्थाने आहेत.

वर्डस्वर्थला हे दिसत नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बॅकबॅरोच्या कापूसगिरणीत लंडनच्या अनाथालयांतून मुले आणली जात. ती पहाटे पाचपासून रात्री आठपर्यंत काम करीत, अशी साक्ष १८१६ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे झाली. त्याच्या दोन वर्षे आधी प्रसिद्ध झालेल्या 'द एक्स्कर्शन'च्या आठव्या सर्गात वर्डस्वर्थने रात्रंदिवस चालणारी गिरणी, पाळ्या बदलताना आत-बाहेर होणारे स्त्री-पुरुष आणि मुले, आणि ओढ्याचे पाणीसुद्धा या कामाला जुंपले गेल्याचे दुःख लिहून ठेवले आहे. इंग्रजी काव्यातील कारखान्याच्या सर्वांत आरंभीच्या चित्रांपैकी ते एक आहे. तथापि हेही नोंदविले पाहिजे की तो ग्रंथ अर्पण केला आहे लॉन्सडेलच्या अर्लला. वर्डस्वर्थचे वडील या लाउदर घराण्याचे कारभारी होते. १८१३ मध्ये कवीला मुद्रांक-वितरकाची सरकारी नोकरी मिळाली तीही याच घराण्याच्या वशिल्याने. आणि या घराण्याच्या संपत्तीचा मोठा झरा व्हाइटहेवनच्या किनाऱ्यावरील दगडी कोळशाच्या खाणींतून वाहत होता. गिरणीवर अश्रू ढाळणाऱ्या काव्याच्या पहिल्याच पानावर कोळशाच्या धन्याचे नाव. यात कवीचा दंभ पाहण्याचे कारण नाही. त्याच्या काळी कवीला ज्या आश्रयावर जगावे लागे, त्याची ही किंमत होती. पण ती कवितेने चुकती केली आणि समीक्षेने तिचा हिशोब ठेवला नाही.

खरी अडचण उभी राहते ती १८४४ मध्ये. केंडलहून विंडरमिअरपर्यंत रेल्वे आणण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या राजकवीने तिच्याविरुद्ध सुनीत लिहिले आणि 'मॉर्निंग पोस्ट'मध्ये पत्रे प्रसिद्ध केली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, निसर्गसौंदर्याचा आस्वाद हा हळूहळू घडणाऱ्या संस्काराचा विषय आहे; लँकेशायरच्या कामगारांना गाडीत भरून हजारोंनी येथे आणून सोडले तर त्यांना काही लाभ होणार नाही आणि प्रदेशाची मात्र हानी होईल; त्यांनी आपल्या गावाजवळच्याच शेतांत फेरफटका मारावा. हाच कवी आपल्या 'गाइड'मध्ये, १८१० पासून पुढे सुधारत नेलेल्या प्रवासमार्गदर्शनात, हा मुलूख एक प्रकारे राष्ट्राच्याच मालकीचा मानावा असे सुचवून गेला होता. राष्ट्रात गिरणीकामगार येतो की नाही, हा प्रश्न त्याच्या मनात तेव्हा उद्भवला नसावा. ज्या हातांसाठी विंडरमिअरकाठी बॉबिना कातल्या जात होत्या, त्याच हातांना विंडरमिअर पाहण्याची अभिरुची नाही, असे हे तर्कशास्त्र होते.

रेल्वे १८४७ मध्ये आलीच. बर्थवेट नावाच्या वाडीचे विंडरमिअर नावाचे शहर झाले. आणि अभिरुचीचा प्रश्न पैशाने सोडविला: मँचेस्टरच्या कापूस, रेशीम आणि पोलाद यांतून धनाढ्य झालेल्यांनी सरोवराच्या काठी हवेल्या बांधल्या. त्यांतील ब्रॉकहोल ही एका रेशीमव्यापाऱ्याची हवेली पुढे राष्ट्रीय उद्यानाचे पर्यटक-केंद्र झाली. पर्यटनाने उद्योगाची जागा घेतली असे नेहमी सांगितले जाते. वस्तुतः पर्यटन उद्योगाच्याच पैशावर, उद्योगाच्याच रुळांवरून आले. कॉनिस्टन येथे तर १८५९ या एकाच वर्षी तांब्याचे खनिज आणि पाटीचा दगड वाहून नेणारी रेल्वे आली आणि सहलीच्या प्रवाशांसाठी 'गाँडोला' ही आगबोट सरोवरात उतरली.

त्याच कॉनिस्टनला १८७१ मध्ये जॉन रस्किनने ब्रँटवुड हे घर घेतले आणि १९०० मध्ये तेथेच देह ठेवला. त्याच्या खिडकीसमोर सरोवरापलीकडे जो डोंगर उभा होता, त्याच्या कुशीत तांब्याच्या खाणी शेवटच्या घटका मोजत होत्या. रस्किनने १८७६ मध्ये रेल्वे पुढे वाढविण्यास विरोध केला. त्याचाही सूर वर्डस्वर्थपेक्षा फारसा निराळा नव्हता. पण त्याने आणखी एक गोष्ट केली. त्याच्या प्रेरणेने १८८३च्या सुमारास एल्टरवॉटरच्या परिसरात हातचरख्यावर जवसाचे सूत काढण्याची कला पुन्हा सुरू करण्यात आली. जवळच दारूचा कारखाना होता आणि घराघरांतून बायका सूत कातू लागल्या. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाणाऱ्या गाडीत रस्किनचे 'अन्‌टु धिस लास्ट' वाचणाऱ्या गांधींना या चरख्यांची माहिती असावी असे मानण्यास आधार नाही. त्या पुस्तकातून त्यांनी घेतला तो श्रमाचा विचार. चरखा त्यांना स्वतंत्रपणेच सापडला. तरीही सौंदर्य आणि श्रम यांची फारकत होऊ नये, असे ज्याला सरोवराकाठी वाटले तो एकटा रस्किन होता, एवढे श्रेय त्याला द्यावयास हवे.

धरणांची कथा थोडक्यात सांगता येते. मँचेस्टर महापालिकेने १८७९च्या कायद्याने थर्लमिअर सरोवर घेतले, त्याची पातळी चढवली, आणि १८९४ मध्ये ते पाणी मँचेस्टरला पोहोचले. विरोध करणारे हरले. त्या पराभवातून शिकून कॅनन रॉन्स्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८९५ मध्ये 'नॅशनल ट्रस्ट' स्थापिला. पुढे हॉसवॉटर झाले आणि मार्डेल गाव पाण्याखाली गेले. मोठा दुष्काळ पडला की त्याच्या भिंती वर येतात आणि त्या पाहण्यासाठी गर्दी लोटते.

१९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले तेव्हा नकाशावर एक रेघ ओढली गेली. सरोवरे, शिखरे, मेंढ्यांची गावे आत. किनाऱ्यावरची लोखंडाची आणि कोळशाची गावे बाहेर. सौंदर्याची ही सरहद्द हिशोबाने आखलेली होती, पण पाणी आणि वारा तिला जुमानत नाहीत. रेघेआतील वॉस्टवॉटरचे पाणी रेघेबाहेरील सेलाफील्डच्या अणुकेंद्राला जात आले. आणि १९८६ मध्ये चेर्नोबिलचा पाऊस रेघेआतील डोंगरांवर पडला, तेव्हा तेथील काही मेंढ्यांवरील निर्बंध उठायला २०१२ उजाडले. २०१७ मध्ये युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती सांस्कृतिक भूदृश्य म्हणून, म्हणजे माणसाच्या हातांचा वाटा त्यात गृहीत धरून. तथापि आज सुमारे चाळीस हजार रहिवाशांच्या या उद्यानात वर्षाला दीड कोटीहून अधिक पाहुणे येतात, आणि तेथे जन्मलेल्या तरुणाला तेथे घर घेणे परवडत नाही. जेम्स रिबँक्स या मेंढपाळ लेखकाने २०१५ मधील आपल्या पुस्तकात हीच सल बोलून दाखविली आहे: आपल्या वाडवडिलांनी राबविलेली भूमी शाळेत शिकविली जाते ती इतरांच्या विहाराची जागा म्हणून. मायकेलचा वंशज शेवटी लेखणी घेऊन बसला, एवढे तरी झाले.

ग्रीनसाइडकडे परत यावयास हवे. २९ ऑक्टोबर १९२७च्या रात्री या खाणीच्या विजेसाठी बांधलेले डोंगरावरचे धरण फुटले आणि ग्लेनरिडिंग गावातून चिखलाचा लोंढा सरोवरात गेला. १९५२ मध्ये खाणीत आग लागली, विषारी वायू कोंडला आणि चार कामगार मेले. दहा वर्षांनी खाण बंद झाली. त्याच सुमारास तिच्या रित्या पोकळीत ब्रिटनच्या अण्वस्त्र-संशोधकांनी साधी स्फोटके उडवून काही प्रयोग केले, हा तपशील आता कोणाच्या फारसा स्मरणात नाही. खाणीच्या इमारतींपैकी एकीत गिर्यारोहकांचे वसतिगृह आहे. उल्सवॉटरच्या तळच्या गाळात शिसे आहे. वर, काठावर, दर वसंतात डॅफोडिल्स फुलतात आणि लोक छायाचित्रे काढतात.

या दोन्ही उतारांना एका नजरेत घेणारा कवी झाला तो रेघेबाहेर. नॉर्मन निकल्सन (१९१४–१९८७) हा मिलम या लोखंडाच्या गावी जन्मला. तरुणपणी क्षयाने त्याला काही काळ दूरच्या आरोग्यधामात राहावे लागले. तो काळ सोडला तर सारे आयुष्य त्याने मिलममधील आपल्या जन्मघरातच काढले. सरोवर-प्रदेशावर त्याने अनेक पुस्तके लिहिली. आद्य पर्यटकांच्या दृष्टीचा इतिहास सांगणारे 'द लेकर्स' (१९५५) हे त्यांतील महत्त्वाचे. निसर्ग पाहण्याची कला कशी शिकविली गेली आणि शिकताना काय नजरेआड केले गेले, हे त्यात दिसते. डोंगरांकडे तो पाही ते भट्टीच्या धुरातून. १९६८ मध्ये मिलमची लोखंडाची भट्टी बंद झाली तेव्हा त्याने तिच्यावर कविता लिहिली. ती विलापिका नाही. धूर गेल्याने हवा स्वच्छ झाली, हे तो मान्य करतो. पण स्वच्छ हवेत उभ्या असलेल्या बेकार माणसांचे काय, हे तो विसरू देत नाही. मराठी वाचकाला येथे नारायण सुर्वे आठवावेत. दोघांची जात वेगळी, पण काम गेलेल्या माणसाकडे वरून न पाहण्याची रीत एकच.

निकल्सनला मायकेलचा वारस म्हणावे, की वर्डस्वर्थचा? इंग्रजी समीक्षेने त्याला प्रादेशिक कवी म्हणून एका कप्प्यात ठेवले. ग्रासमिअरचा कवी राष्ट्राचा, मिलमचा कवी मिलमचा. प्रादेशिक हा शब्द समीक्षेत किती वेळा वर्गवाचक असतो, हे मराठीतही तपासून पाहण्यासारखे आहे.

मिलमशेजारी हॉडबॅरोची लोखंडाची खाण होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तेथे तांबडे समृद्ध खनिज सापडले आणि समुद्रालगत, पुढे समुद्राखाली, ते खणत नेले. पाणी आत येऊ नये म्हणून १९०५ मध्ये मोठी बाहेरची भिंत बांधून झाली. रात्रंदिवस पंप चालत. १९६८ मध्ये खाण बंद झाली तशी पंपही बंद झाले आणि भिंतीच्या आतली खचलेली जमीन हळूहळू पाण्याने भरून एक विस्तीर्ण सरोवर तयार झाले. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत सरोवर-प्रदेशाची जी सरोवरे सांगतात त्यांत ते येत नाही. पक्षिसंरक्षकांच्या संस्थेकडे त्याची देखभाल आहे. भट्टीतून टाकलेल्या मळीचा एक लांब पट्टा पाण्यात बेटासारखा उरला आहे. उन्हाळ्यात त्यावर सुरय पक्षी घरटी करतात, आणि दुर्बिणी घेतलेली माणसे जुन्या समुद्रभिंतीवर उभी राहून ती मोजतात. मिलममधील ज्यांचे वडील-आजोबा या पाण्याखालच्या बोगद्यांत उतरत असत, अशी काही माणसे संध्याकाळी कुत्रा घेऊन याच भिंतीवरून चालत जातात.